एक पंप, दोन सायकली

बुरोंडीच्या पुढचा चढ संपला तेव्हा दहा-साडेदहा झाले असतील. वर सड्यावर एसटीचा निवारा होता आणि त्यात एक आजी कुळथाची पिशवी मांडीवर घेऊन दापोलीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मी सायकल खांबाला टेकवली, हेल्मेट काढलं, आणि इतका वेळ अडून राहिलेला घाम कपाळावरून थेट डोळ्यांत उतरला. "एकटीच काय गो?" आजींनी विचारलं. "नाही, मागून येतायत," मी म्हटलं आणि मान आपोआप मागे वळली. रस्ता रिकामा होता. पिशवीत शेवटचं एक संत्रं होतं. ते सोललं, अर्धं खाल्लं, उरलेल्या फोडींच्या शिरा काढून त्या रुमालावर मांडून ठेवल्या. चढून आल्यावर नवऱ्याच्या बोटांत साल काढण्याइतकीही ताकद उरत नाही, हे एव्हाना ठाऊक झालं होतं. बऱ्याच वेळाने वळणावर हिरवी जर्सी दिसली, सगळ्यात हलक्या गिअरवर, डावी-उजवीकडे डुलत. मी हात वर केला. त्यानेही केला. जवळ आला, घंटी वाजवली, आणि माझ्यासमोरून तसाच पुढच्या उताराला लागला.

"गेला गो तो," आजी म्हणाल्या.

फोडी मी त्यांना दिल्या. त्यांनी त्या एकेक करत सावकाश खाल्ल्या आणि बिया मुठीत धरून ठेवल्या. मी पुन्हा हेल्मेट चढवलं, आणि तिथून दाभोळपर्यंत, म्हणजे उतार, कोळथरे, पुन्हा चढ, पुन्हा उतार, एवढा सगळा वेळ डोक्यात एकच घोळत राहिलं, की हा थांबला का नाही? राग म्हणावा तर तेवढा नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस संत्र्याच्या फोडींवरून रागवत नाही. पण काहीतरी टोचत होतं खरं. सायकलच्या पॅडवाल्या चड्डीची शिवण एकाच जागी टोचत राहते ना, तसं. फार दुखत नाही, पण विसरूही देत नाही.

कन्याकुमारीचं ठरलं ते मुलगी शिकायला परगावी गेली त्या वर्षी. घरातले रविवार एकदम लांबडे झाले होते. सायकली दोघांकडेही होत्या. पानशेत, खडकवासला, अधूनमधून सिंहगड, असं चाललेलं असायचं. एका रविवारी नकाशा उघडून बसलो आणि पुण्याहून कोकणात उतरायचं, मग गोवा, कारवार, उडुपी, केरळ, असं समुद्र उजव्या हाताला ठेवत जायचं, असं बोटाने आखलं. सुमारे १६०० किलोमीटर. बोटाने फारच पटकन झालं ते. मग ओळखीतल्या बीआरएमवाल्यांना, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांना, विचारलं. ही मंडळी २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांच्या आत पुरे करणारी, त्यामुळे आमच्या रोजच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या बेताला ती हसतील अशी माझी खात्री होती. पण त्यातले एक काका गंभीरपणे म्हणाले, "एका दिवसात दोनशे काय, जिद्दीवर होतात. सामान लादून निघा आणि चौथ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतंय का ते बघा. मग पुढच्या गप्पा." तेव्हा कन्याकुमारीच्या आधी सरावाची एक मोठी फेरी काढायची, तीही पूर्ण सामानासकट, हे पक्कं झालं.

जागा शोधायची गरज नव्हती. पुणेकराला ताम्हिणीने उतरलं की कोकण, आणि कोकणातला किनाऱ्याचा रस्ता म्हणजे चढांचं दुकान. गाडीतून जाताना हे जाणवत नाही. गाडीत माणूस समुद्राकडे बघत असतो. सायकलवर कळतं की इथलं प्रत्येक गाव खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीला वसलेलं आहे आणि दोन गावांच्या मध्ये एक सडा पालथा पडला आहे. गावातून निघालात की शे-दीडशे मीटर चढ, वर थोडं सपाट, कातळ, वाळलेलं सोनेरी गवत, एखादी चिऱ्याची खाण, आणि मग सगळी कमाई दोन मिनिटांत उधळत खाली पुढच्या गावात. पुन्हा शून्य. सिंहगड एकदा चढला की चढला, खाली येताना कोणी परत चढायला लावत नाही. इथे दिवसाकाठी सिंहगडाहून जास्त चढाई होते आणि संध्याकाळी आपण असतो समुद्रसपाटीलाच. नोकरीत काही वर्षं अशी गेली आहेत माझी, पण ते असो.

आता आमच्या दोघांच्या वजनांत पंचवीस-तीस किलोंचं अंतर आहे. (कोणाचं किती ते सांगणार नाही, एवढं पातिव्रत्य माझ्यात आहे.) चढावर प्रत्येक किलो आपल्याच मांड्यांनी वर न्यायचा असतो, म्हणून हलका माणूस पुढे निघतो. उतारावर उलटं. वजन खाली ओढतं आणि समोरची हवा अडवते. जड माणसाचं वजन ज्या मानाने जास्त असतं, त्या मानाने त्याची छाती काही रुंद नसते. त्यामुळे तो वाऱ्याला न जुमानता सुसाट खाली जातो. मी तर ब्रेकवरची बोटं सोडतच नाही. परिणामी चढावर मी पुढे, उतारावर तो पुढे, आणि सपाटीवर, जी कोकणात जवळपास नाहीच, तेवढी सोबत. "जोडीने सायकलवर जाताय, किती छान," असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना हे कसं सांगायचं? दिवसातला बहुतेक वेळ मला त्याची पाठ तरी दिसते, नाहीतर काहीच दिसत नाही.

पहिल्याच टप्प्यात याची चुणूक दिसली होती. मुळशीच्या पाण्यावर सकाळी धुकं होतं, बोटं गारठलेली, ताम्हिणी मजेत उतरलो, माणगावला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी घोणसे घाटात मी नेहमीसारखी पुढे निघाले आणि थेट म्हसळ्याला स्टँडसमोर थांबले. वडापाव मागवला. तो येईना. फोन लावला तर लागेना. दुसरा वडापाव अर्धा झाला असताना एक टेम्पो आला आणि त्याच्या हौद्यात हा उभा, एका हाताने सायकल धरलेली, दुसऱ्या हाताने टेम्पोचा दांडा, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखा स्थिर. मागचं चाक पंक्चर झालं होतं. ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, ठिगळं, सगळं त्याच्या पिशवीत होतं. पंप माझ्या फ्रेमला. आमच्याकडे पंप एकच, आणि त्याच्या फ्रेमवर पाण्याच्या दोन बाटल्या असल्याने तो पहिल्यापासून माझ्याकडे. "ट्यूब बदलून झाली होती," तो म्हणाला, "फक्त हवा नव्हती." यावर हसायचं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, म्हणून मी उरलेला वडापाव पुढे केला. टेम्पोने आलेलं अंतर एकूण हिशोबात धरायचं का, यावर दिवेआगरपर्यंत चर्चा झाली. धरलं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता मात्र आयुष्यात एकदा तरी सायकलने करावा. समुद्र इतका जवळ, की भरतीला तुषार अंगावर येतील असं वाटतं. गाडीवाले या रस्त्याचे फोटो काढतात, आम्हाला फोटो काढायला थांबावंच लागलं नाही, एवढ्या हळू चाललो होतो. श्रीवर्धनच्या वाड्यांत शिरलो की एकदम गार सावली, पाटाच्या पाण्याचा वास, शेवाळलेले गडगे. पण वर बघितलं तर मधेमधे आकाशाच्या मोकळ्या खिडक्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. सुपारीच्या झाडाला नीट धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकू म्हणाल्या, "झाडं लावली लगेच. पण ह्यांचं वय काय, झाडांचं वय काय." आणि लगोलग विचारलं, "भात अजून वाढू?" मी दोनदा वाढून घेतला. सायकलवर भुकेला लाज नसते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आमसुलाचं सार, आणि परत भात. त्या साराची एक वाटी दुसऱ्या दिवशी बाटलीत भरून घेतली. घामात गेलेलं मीठ परत द्यायला पुड्यांमधल्या पावडरीपेक्षा ते बरं, आणि चवीबद्दल तर बोलायलाच नको.

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने जाताना खाडीत न झालेल्या पुलाचे खांब दिसतात. रेवस ते रेडी सागरी महामार्ग पुरा झाला की अशा सगळ्या खाड्यांवर पूल होतील म्हणे, आणि लोकांची सोय होईल, ती व्हायलाच हवी. दाभोळ-धोपावे फेरी २००३मध्ये सुरू झाली त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर चिपळूणवरून केवढा वळसा पडायचा, हे तिथल्या लोकांनाच विचारावं. पण आमचा एक छोटासा स्वार्थ होता. या रस्त्यावर फेरीबोट ही एकच जागा अशी, जिथे आम्हा दोघांना एकत्र थांबावंच लागायचं. पुढे आलेल्यालाही बोट नाही आणि मागून आलेल्यालाही बोट नाही. धक्क्यावर बसायचं, पाय पसरायचे, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, बर्फाचा टेम्पो, सगळं येताना बघायचं. आणि एक ना एक जण हटकून विचारणार, "कुठून?" "पुण्याहून." "सायकलवर? याचे पैशे किती देतात?" कोणीही काहीही देत नाही, हे ऐकून चेहऱ्यावर जी कीव दाटते ती बघण्यासारखी.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या कीवेत तथ्य आहे असं वाटायला लागतं. काका म्हणाले होते ते खरं होतं. केळशीहून निघालो त्या सकाळी सीटवर बसताना माझ्या तोंडून जो आवाज आला त्याने घरमालकांचा कुत्रा उठून उभा राहिला. तळहात बधिर. उजव्या पायाची दोन बोटं कुठे आहेत ते बुटात हलवून बघावं लागे. आदल्या रात्री धुतलेले कपडे कोकणच्या दमट हवेत वाळलेले नसत, ते मागच्या पिशव्यांवर चिमटे लावून वाळत घालायचे आणि धोब्यासारखं पुढे जायचं. गंमत म्हणजे पहिला तास असा रडवेला गेला की शरीर निमूट होतं. सांधे ओशाळून कामाला लागतात. आडे, पाडले, मग आंजर्ल्याचा चढ, आणि वळणावर मोहोराचा असा लोट आला की श्वास ओढायला कारण मिळालं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघत उभे राहिलो, समोर सुवर्णदुर्ग, पायाखाली खवल्यांचा चिखल, आणि मी नवऱ्याच्या खांद्याला टेकून उभी होते कारण पोटऱ्या उभं राहायला तयार नव्हत्या. लोकांना ते प्रेमळ वाटलं असेल. थोडं होतंही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते संत्रं.

दाभोळच्या धक्क्यावर पोचले तेव्हा तो सावलीत बसून चहा पीत होता. माझ्यासाठीही सांगून ठेवला होता. मी काही बोलले नाही, त्यानेही काही विचारलं नाही. बोट आली, सायकली कडेच्या दोराला टेकवल्या, वाशिष्ठीचं पाणी संथ मातकट, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास. समोरच्या काठावर वीज प्रकल्पाची धुराडी. आख्ख्या महाराष्ट्राला ज्या 'दाभोळ प्रकल्पा'ने एवढी वर्षं भांडायला लावलं, तो दाभोळात नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. नाव याचं, जागा त्याची. एरवी असं काही दिसलं की आम्ही त्यावर अर्धा तास बोलतो. त्या दिवशी मी नुसतं, "ती बघ धुराडी," म्हटलं, तो "हं" म्हणाला.

बोटीत बसल्या बसल्या मला बाबांची सायकल आठवत होती. काळी, उंच, पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावलेली, पुढे डायनमोचा दिवा, जो नसला की रात्री हवालदार अडवायचे. दांड्यावर माझी छोटी गादी, मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. चढ आला की आई न सांगता उतरायची आणि चालायला लागायची. बाबाही मग उतरायचे. मला दांड्यावर ठेवून, सायकल ढकलत, तिच्या बाजूने. बोलत असायचे ते. काय बोलायचे ते आठवत नाही, घरची बिलं, कोणाचं लग्न, असंच असणार. पुढे-मागे होण्याचा प्रश्नच नव्हता, सायकल एकच होती. माझी आई कधी सायकल शिकली नाही. ती शिकली असती तर बाबांच्या किती पुढे गेली असती, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. सगळ्याच बाबतींत घाई असायची तिला.

गुहागरला पोचून, आंघोळी करून, सुरूच्या बनापलीकडे वाळूत बसलो तेव्हा कुठे मी विचारलं. "सकाळी थांबला का नाहीस?"

"कुठे?"

"वर. मी बसले होते तिथे. संत्रं सोललं होतं तुझ्यासाठी."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी आलो की तू हेल्मेट घालतेस." मला कळेना. तो म्हणाला, "बघ ना. तू वर पोचतेस, बसतेस, पाणी पितेस, खातेस, दहा-पंधरा मिनिटं मिळतात तुला. मी पोचतो तोवर तुझा दम बसलेला असतो. मी ब्रेक लावतो आणि तू उठतेस. रोज. तू थांबतेस माझ्यासाठी, पण मला थांबायला मिळतच नाही. म्हणून आज ठरवलं, दम उतारावर घ्यायचा. बसून, पाय न हलवता, वारा खात." "मग तसं सांगायचंस." "सांगायला दम कुठे होता?"

हिशोब बरोबर होता. जो आधीच मागे आहे त्याच्याच वाट्याला विश्रांती कमी, ही सायकलवरची साधी गोष्ट, आणि सायकलवरचीच फक्त नाही. पण थांबणं म्हणजे आराम, हे त्याचं गृहीतक मला अजूनही मान्य नाही. पहिली पाच मिनिटं आराम असतो. मग घाम गार पडतो, मांड्या आखडायला लागतात, आणि नजर वळणावर खिळते. ट्रक गेला की वाटतं, हा त्याच्या बाजूनेच आला असणार. दुचाकीवाला आला की त्याला हात करून विचारावंसं वाटतं, मागे कोणी सायकलवाला दिसला का. घोणसे घाटानंतर तर जास्तच. तो आल्यावर मी लगेच उठते ती घाईने नाही, सुटल्यासारखं वाटतं म्हणून. आला, आहे, ठीक आहे, चला. हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि माझं काय होतं माहितेय? प्रत्येक वळणावर वाटतं, आता तू दिसशील. मग दिसत नाहीस."

अंधार पडला होता. गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री समुद्राचा आवाज फार लांबवर पसरलेला येतो. आम्ही उठलो कारण खानावळ साडेनऊला बंद होणार होती.

उपाय त्याने काढला, रत्नागिरीला पोचल्यावर. मधला रस्ता, म्हणजे हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आरे-वारे, इथे आम्ही नवा नियम पाळला, की मागून येणारा सांगेल तेव्हा निघायचं. नियम चांगला होता, फक्त त्यामुळे उन्हं डोक्यावर यायला लागली. डिसेंबरातही दुपारी कोकणातल्या कातळावर ऊन भाजतं. तेव्हा लॉजच्या खोलीत त्याने दोघांच्या पिशव्या पलंगावर ओतल्या आणि म्हणाला, "वजन तुझ्याकडे घे." साधी गोष्ट होती. लांबच्या प्रवासाला निघणारी कितीतरी जोडपी हे करतात. अवजारं, साखळी-कुलूप, जादाचा टायर, दोघांचे चार्जर, जेवणाचा डबा, असं हातानेच जोखत सात-आठ किलो त्याच्याकडून माझ्याकडे आलं. सायकल उचलून बघितली तर मागचं चाक जमीन सोडेना. त्याची मात्र त्याने एका हाताने उचलून दाखवली. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट. कन्याकुमारीला जाताना असा घाट लागणार नाही, पण परीक्षा म्हणून आम्ही परतीला मुद्दाम तोच घेतला होता. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, सगळीकडे रुंदीकरणाची लाल धूळ, डंपर, अर्धवट खडी. साखरप्याला मिसळ खाल्ली, तोंडावरची धूळ धुतली आणि घाटाला लागलो. आणि पहिल्यांदाच असं झालं की मी मागे वळून बघितलं तर तो तिथेच होता, चाकाला चाक. मग बाजूला आला. मग तो बोलायला लागला.

चढावर माणूस बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो कठड्याचे दगड मोजत होता आणि मला सांगत होता. गिअर बदलला की सांगत होता. "हा ट्रक बघ, ब्रेकचा वास येतोय." मलाही येत होता. त्याचा श्वास माझ्या कानाशी, त्याची चेन दर फेरीला एक बारीक कुईं करायची ती माझ्या डोक्यात. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की माझं काहीतरी गेलंय. एरवी चढ लागला की मी एकटी असते. आजीने लहानपणी पाठ करून घेतलेली स्तोत्रं तेव्हा आपोआप ओठांवर येतात, चरणाला चरण, पायाला पाय, अर्थ डोक्यात नसतो, नुसती लय. मध्येच ऑफिसातलं अडलेलं काम सुटतं, मुलीला काय बोलायचं राहिलं ते आठवतं, कधी काहीच आठवत नाही. घरात, ऑफिसात, कुठेही मला इतका वेळ कोणी एकटीला सोडत नाही. वर पोचून त्याची वाट बघायची, हेही त्यातच आलं. सोबत आहे, मागे आहे, येतो आहे, आणि आत्ता नाही. मला ते तसं आवडत होतं. हे त्याला सांगावं का? सात-आठ किलो जादा ओढत असताना सांगायला, त्याच्याच शब्दांत, दम कुठे होता.

घाटमाथ्यावर आंब्याला आम्ही एकदमच पोचलो. गार वारा होता, दरीकडे कोकण धुरकट. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, टपरीवर दोन चहा सांगितले, दोघांनी एकदमच हेल्मेटं काढली. "बघ," तो म्हणाला, "जमलं की नाही?" जमलं होतंच. मी हो म्हटलं. मलकापूरपर्यंतच्या उतारात तो पुढे गेला नाही, ब्रेक धरत माझ्या मागे राहिला, आणि मला खरंच सांगते, दर वळणावर वाटत होतं की याने जावं एकदाचं सुसाट. कोल्हापूरहून रेल्वेने परतताना सायकली ब्रेकव्हॅनमध्ये एकमेकींना बांधून टाकल्या होत्या आणि आम्ही डब्यात समोरासमोर झोपून आलो.

आता कन्याकुमारीला निघायला फार दिवस उरलेले नाहीत. सामानाची यादी फ्रिजवर लावली आहे. वजनाचं अजून ठरत नाही. मी म्हणते अर्धं-अर्धं करू, तो म्हणतो आंब्याला तर छान जमलं होतं. यादीत माझ्या अक्षरात 'पंप' लिहिलेलं होतं, परवा त्याने त्यापुढे '२' लिहिलं. दुसरा पंप म्हणजे कोणाचं चाक कुठेही बसलं तरी दुसऱ्यासाठी अडून राहायला नको. म्हणजे ज्याला पुढे जायचंय त्याने खुशाल जावं. त्याच्या मनात हे आलं की नुसती घोणसे घाटाची धास्ती, कोण जाणे. मी विचारलं नाही, आकडाही खोडला नाही. फक्त म्हटलं, चांगला पंप स्वस्त येत नाही, शिवाय तेवढंच वजन वाढेल.

"माझ्या पिशवीत टाक ना," तो म्हणाला.

"मग तू आणखी मागे राहशील."

"बरं, मग दोन्ही तुझ्याकडे ठेव," असं म्हणून तो चेनला तेल घालायला गॅलरीत गेला.